अप्पांचं पावसाचं पाणी

गेल्या एप्रिलची गोष्ट. कोल्हापूरचं लग्न आटोपून आम्ही घरी परतत होतो. निपाणी मागे टाकली, तवंदीचा घाट लागला आणि बघता बघता गाडीचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागच्या सीटवर अप्पा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले, "बाजूला घे. आणि झाकणाला हात लावू नकोस."

गाडी कॉन्टेसा क्लासिक. इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. आजच्या पोरांना त्यात काय विशेष वाटणार? पण वाचकहो, कॉन्टेसा 1980 च्या दशकात आली तेव्हा तिच्यात अँबॅसडरचंच इंजिन होतं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं. पुढं इसुझूचं इंजिन बसलं आणि ताकद 80 च्या वर गेली. त्या काळच्या हायवेवर ती गाडी मागून आली की लोक आपणहून वाट द्यायचे. 2002 साली तिचं उत्पादन थांबलं. अप्पांनी ती जुनी घेतली होती, पण जपली मात्र नव्यासारखी. मोतीबिंदूनंतर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, त्याला आता सहा वर्षं झाली.

घाटात तासभर थांबून, गाडी निवल्यावर पाणी घालून, रडतखडत आम्ही खासबाग गाठलं. दुसऱ्या दिवशी घरात बैठकच बसली. सौभाग्यवतीचं माहेर गोकाकचं. ती म्हणाली, "साकु री! विकून टाका एकदा." मेव्हणा म्हणाला, "अॅल्युमिनियमचा रेडिएटर टाका भावजी, रेसच्या गाड्यांना तोच असतो." शेजारच्या काकांनी तर रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायला सांगितलं. ही हळद आपल्याकडची जुनी युक्ती. बारीक गळती ती तात्पुरती बुजवते खरी, पण सोबत आतल्या नळ्याही बुजवते. अप्पा काहीच बोलले नाहीत.

मी गाडी घेऊन उद्यमबागेकडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. रेडिएटर हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. त्यांनी इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि जाळीवरून हलकेच हात फिरवला. जाळी काही ठिकाणी गरम होती, काही ठिकाणी चक्क गार. जिथं गार, तिथं आतली नळी बंद. मग झाकण, पंख्याचा पट्टा आणि थर्मोस्टॅट पाहिला. इंजिनातल्या तेलाला दुधाळ रंग आलाय का, पाण्यात बुडबुडे येतात का, हेही पाहिलं. तसं असतं तर हेडचं गॅस्केट गेलेलं असतं आणि नवा रेडिएटर घालूनही उपयोग झाला नसता. नवीन घेण्याआधी एवढं तरी प्रत्येकानं बघून घ्यावं. नुसतं झाकण खराब असलं तरी गाडी उकळते. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथं उघड्या भांड्यातलं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण पाण्यावर दाब धरून ठेवतं, म्हणूनच आत ते 115 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचंच तंत्र! आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं.

टाकी उघडली तर आत पांढरा थर. आपल्या घरच्या पाणी तापवायच्या बंबात बसतो तसा. मिस्त्री म्हणाले, "रेडिएटर अल्ल री सर, नीरु केट्टैति." रेडिएटर नव्हे, पाणी बिघडलंय. मग विचारलं, "कुठलं पाणी घालता?"

मी म्हणालो, "बोअरचं."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आता निवड करायची होती. मेव्हण्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तांबं उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमपेक्षा सरस, पण अॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आणि मजबूत. त्यामुळे त्याच्या नळ्या रुंद करता येतात आणि कमी रांगांत तेवढंच काम होतं. ज्याला खरोखरच गाडी पळवायची आहे त्याला ते सोयीचं. पण आमच्या गाडीला तो मापानं करून घ्यावा लागणार. नळीची तोंडं, बसायचे कान, पंख्यापासूनचं अंतर, सगळं जुळायला हवं. शिवाय तो तडकला तर आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागतो. पितळ-तांब्याच्या रेडिएटरला डाग देणारा माणूस संकेश्वरातही भेटेल आणि हुक्केरीतही.

भंगारातून जुना आणायचा विचारही केला. मिस्त्री म्हणाले, त्यातही कुणी काय पाणी घातलंय कुणाला ठाऊक! दुसऱ्या गाडीचा रेडिएटर ठोकून बसवणारेही असतात, पण तो लहान पडला तर घाटात पुन्हा तोच तमाशा.

शेवटी ठरलं ते असं, की वरची-खालची मूळ टाकी ठेवायची आणि मधली जाळी नवी तांब्याची घालायची. टाक्या त्याच, त्यामुळे होजपाइप आणि बोल्ट जागच्या जागी बसणार. मी हौसेनं विचारलं, "एक रांग वाढवू या का?" मिस्त्रींनी मान हलवली. जाळी जाड झाली की हवा आरपार जायला जड जाते, मागच्या रांगेला आधीच तापलेली हवा मिळते, आणि पंखाही जाळीला घासू शकतो. पत्र्याच्या पापुद्र्यांची दाटी करायलाही ते नको म्हणाले. आपल्या रस्त्यांवर उसाचं पाचट, निपाणीकडे तंबाखूची धूळ आणि आमच्या खासबागेत मागांवरचा सुताचा भुगा. दाट जाळीत हे सगळं अडकून बसतं. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला एकानं दिला होता, तोही त्यांनी मोडून काढला. इंजिन फार गार राहिलं तर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते.

पाण्याचं मात्र त्यांनी दोनदा बजावलं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, आणि डागाच्या जुन्या रेडिएटरला चालतं असं लिहिलेलं कूलंट. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती हवीतच.

संध्याकाळी घरी आलो. अप्पा अंगणात बसले होते. मी जवळ बसून सगळं सांगितलं, बोअरच्या पाण्यासकट. ते उठले, मागच्या पडवीत गेले आणि एक जुना पाच लिटरचा कॅन घेऊन आले. त्यावर त्यांच्या अक्षरात पट्टी होती: 'गाडी'. दर आषाढात स्वच्छ पत्र्यावरून पडणारं पाणी गाळून ते या कॅनमध्ये भरून ठेवत. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

मी विचारलं, "अप्पा, मला का नाही सांगितलं?"

म्हणाले, "किल्ली दिल्यावर पाठीमागून सांगत बसू नये. तुला वाटलं असतं, म्हातारा अजून गाडी सोडत नाही."

मी काय बोलणार? वर्गात पोरांना 'प्रश्न विचारा, लाजू नका' असं सांगतो. स्वतः मात्र सहा वर्षांत एकदाही वडिलांना विचारलं नाही, की तुम्ही काय घालत होता?

मे महिन्यात पुन्हा निपाणीला जाणं झालं. येताना तवंदीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. मागून अप्पांचा आवाज आला, "आता एसी लावून बघ." लावला. काटा किंचित वर गेला आणि थांबला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

पावसाळा लागला तसा मी तो कॅन धुऊन पत्र्याखाली ठेवला. गाडीला आता कूलंट आहे, त्या पाण्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. अप्पांनाही ठाऊक आहे. तरी परवा पाऊस थांबल्यावर त्यांनी हाक मारली, "कॅन भरला काय रे? झाकण लाव." मी लावलं.