रावपुऱ्यातली कोरडी सुट्टी

परीक्षा संपायच्या आधीच आमच्या ग्रुपवर 'सुट्टीत काय वाचाल?' अशी एक यादी फिरायला लागली. यशस्वी माणसांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास, स्पर्धा परीक्षा. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही, पण ती बघून वाटलं, ही सुट्टी आहे की तिसरी सेमिस्टर? मी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नाही. अख्खा मे महिना बडोद्याला, रावपुऱ्यात मामाआजोबांकडे काढला आणि दोनच विषयांवर वाचलं: दारू आणि गाणं. आईला यातलं अर्धंच सांगितलंय.

रावपुरा म्हणजे बडोद्यातली जुनी वस्ती. महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ 1896 साली बांधलेला घड्याळाचा टॉवर इथेच. दुपारी रस्ता असा तापतो की पंख्याखाली पडून राहणं हाच उद्योग. आणि राज्य 1960 मध्ये झालं तेव्हापासून दारूबंदीचं. अशा गावात पोटावर पन्ह्याचा ग्लास तोलत फेणीबद्दल वाचायला काय मजा येते म्हणून सांगू!

झाडावरून गळालेले पिकलेले बोंडू गोळा करायचे, पायांनी तुडवायचे, रस काही दिवस आंबू द्यायचा, मग भट्टीवर चढवायचा. पहिल्यांदा गाळली की हलकी हुर्राक, ती उन्हाळ्यापुरतीच. पुन्हा गाळली की फेणी. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, आणि 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते गोव्याच्या फेणीला. पाहुणा घरचाच होऊन बसला की! (संपादकांनी काळजी करू नये, मी अजून थेंबही चाखलेला नाही.)

मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "न पिता दारूबद्दल आणि न ऐकता गाण्याबद्दल वाचणं म्हणजे मेन्यूकार्ड वाचून ढेकर देणं." तेव्हा मी हसलो. मलाही ते पटलंच होतं.

आप्पांना, म्हणजे मामाआजोबांना, चार वर्षांपासून ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं तर बोलणं कळतं, गाणं नाही. तंबोरा मिक्सरसारखा वाजतो म्हणतात. आयुष्यभर गाणं ऐकलेला माणूस! ते रोज दुपारी वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' घेऊन बसतात. तिसऱ्यांदा वाचतायत. अर्ध्या तासात दोन पानं. आग्रा घराण्याचा विषय आला की पुस्तक मांडीवर उलटं ठेवतात आणि बोटं गुडघ्यावर चालू लागतात.

आग्र्याचे फैयाज खाँ बडोद्याचे दरबारगायक. 1950 मध्ये ते गेले तेही इथेच. मला वाटलं, आप्पांना खरी चीजच ऐकवावी. खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका फोनवर शोधली, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, आवाज पूर्ण वाढवला. मिनिटभर ते डोळे मिटून बसले. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"आवाज आहे रे. सूर नाही."

आणि पुस्तक उचललं. दोन ओळी वाचल्या असतील नसतील, बोटं परत चालू.

मेन्यूकार्डची उपमा मला तिथेच खोटी वाटली. आप्पांच्या बाबतीत कागदावरचं गाणं हेच शिल्लक राहिलेलं गाणं आहे, आणि ते हळू वाचलं तरच वाजतं. आम्ही व्याख्यानंसुद्धा दुप्पट वेगाने ऐकणारी माणसं. 'यातून काय मिळालं?' हा प्रश्न घेऊन बसलो असतो तर दोन पानांत आम्हाला काही मिळालं नसतं. यादीतल्या पुस्तकांशी माझं भांडण आहे ते एवढंच. ती जूनमध्येही वाचता येतील.

निघायच्या आदल्या दुपारी आप्पांनी माझ्या हातातलं पुस्तक चाळलं.

"ही हुर्राक लागते कशी?"

"काय माहीत आप्पा! मी नुसतं वाचलंय."

त्यांनी यंत्र नीट बसवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मग वाच की मोठ्याने. सावकाश."