दुष्काळात शपथ, सुकाळात विसर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त राज्यकर्त्यांना, आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपणां सर्वांना!

फराळाच्या ताटाशी दुष्काळाची गोष्ट काढणे पुष्कळांना अप्रशस्त वाटेल. सणासुदीला हे काय अभद्र बोलणे, असे घरातील वडीलधारी म्हणतील. पण आमचे म्हणणे नेमके हेच आहे की, दुष्काळाचा विचार करण्याची वेळ दुष्काळ ही नव्हे. विहिरीला पाणी आहे, रब्बीची ज्वारी वर येते आहे, वसुबारसेला गाईला ओवाळून झाले आहे, अशा वेळी डोके थंड असते. तेव्हाच हिशेब मांडावा. आपण मात्र हिशेब मांडतो तो टँकरच्या रांगेत उभे राहून.

आमचा आरोप स्पष्ट आहे. आपल्याकडे निसर्ग राखण्याचे धोरण विचारातून जन्मत नाही, ते संकटातून जन्मते; आणि पुढले संकट आले की त्याच्याच पायी ते बळी जाते. याचा पुरावा शोधायला दिल्लीला जाण्याचे कारण नाही. सोलापूर पुरेसे आहे.

१९७२ हे साल घ्या. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा संबंध जगापुढे मांडला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली. ज्यांनी त्या वेळची सुकडी आणि लाल मिलो खाल्ली, ती माणसे अजून सोलापूरच्या घराघरांत आहेत, त्यांना विचारा. त्या दुष्काळाने दोन लेकरे जन्माला घातली. एकाचे नाव रोजगार हमी, दुसऱ्याचे माळढोक अभयारण्य. योगायोग पाहा, दोघांचेही कायदेशीर बारसे १९७९ सालचे!

पहिले लेकरू भाग्यवान. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेला १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा माणसाचा हक्क ठरला. त्या कामातून बांध पडले, पाझर तलाव झाले, उतारावरची माती अडली. खर्च कोणी सोसला? शहरातल्या पगारदाराने, व्यवसाय कर भरून. रोजगार हमीत चोऱ्या झाल्या नाहीत असे आम्ही म्हणत नाही. हजेरीपटावर मेलेली माणसेही खडी फोडताना दिसली. तरी ती योजना टिकली आणि पुढे २००५ साली देशाने तिचा कित्ता गिरवला. कारण तिने गरिबाच्या हातात काही दिले होते.

दुसऱ्या लेकराची कथा ऐका. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात नान्नजच्या माळावर गवत राखले गेले. गुरे आवरली, गवत वाढले, आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला. पुरुषभर उंचीची नव्हे, पण लहान पोराच्या छातीला लागेल एवढी त्याची उंची. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला. त्या मानासाठी सलीम अलींनी नाव सुचविले होते ते या माळढोकाचे. अशा पक्ष्यासाठी सरकारने अभयारण्य केले, हे योग्यच झाले. पण कसे केले?

नकाशावर रेघ ओढून! ८,४९६ चौरस किलोमीटर. सबंध सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरांचा; म्हणजे सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ अर्ध्याहून मोठा जिल्हा अभयारण्यात गेला. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले. वनखात्याची जमीन मात्र तुकड्यातुकड्यांची. ज्याच्या सातबाऱ्यावर ही रेघ पडली त्याला कोणी विचारले नाही. तो काळही न विचारण्याचाच होता. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने वनांच्या आणि वन्यजीवांच्या रक्षणाला राज्यघटनेत स्थान मिळाले, ते आणीबाणीत. झाडाला घटनेत जागा मिळाली तेव्हा माणसाच्या तोंडाला कुलूप होते. अशा मुहूर्तावर रुजलेली सवय पुढेही सुटली नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. जमिनीचे व्यवहार अडले, रस्ते अडले, आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी जिव्हाळा होता तेथे राग आला. निवडणुकीच्या सभेत माळढोकाला शिव्या घातल्या की टाळी मिळू लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर क्षेत्र उरले १,२२२ चौरस किलोमीटर. रेघ आखडली, पण तोवर पक्षीही आखडला होता. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. ‘पोटाला भाकरी नाही, तेथे पाखरांचे कौतुक कशाला?’ प्रश्न खरा आहे. विचारणारे मात्र पुष्कळदा भरल्या पोटाचे असतात. माळ गेला तर कोणाचे पोट जाते? धनगराचे. त्याच्या मेंढरांचे. उताराचे गवत गेले की ज्याची विहीर आटते, त्या कोरडवाहूवाल्याचे. सरकारी कागदात माळाला ‘पडीक’ म्हणतात. ज्याच्यावर हजारो मेंढरे जगतात ती जमीन पडीक, आणि जिच्यासाठी धरण उपसावे लागते ती बागाईत! शब्दच असा खोटा असेल तर धोरण खरे कोठून निघणार?

आणि भाकरीचीच गोष्ट काढायची तर काढूच. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा हा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ही या मातीची भाकरी. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले, ते दुष्काळ हटावा म्हणून. आज ऊस आणि साखर कारखाने यांच्या गर्दीत या जिल्ह्याचा राज्यात पहिला नंबर लागतो. आम्ही उसाच्या शेतकऱ्याला दोष देत नाही. उसाला कायद्याने दर मिळतो. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण ती घ्यायला दारात कोण उभे असते? शहाणा माणूस जे करील तेच त्याने केले. दोष औषधालाच रोग करून ठेवणाऱ्या धोरणाचा आहे.

२००५ साली राज्याची तिजोरी अडचणीत होती, जागतिक बँकेचे कर्ज हवे होते. तेव्हा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला कालव्याचे पाणी ठिबकाने वा तुषारानेच द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. कर्ज आले, तरतूद कागदावर राहिली. पुढे खनिज तेलाच्या आयातीचा बोजा वाढला तेव्हा इथेनॉल हे पर्यावरणाचे व्रत ठरले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, ते पाण्याच्या काळजीने काय? छे! साखर महागेल या भयाने. भय गेले, ऑगस्ट २०२४ मध्ये बंधनही गेले. त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी अचल साठ्याच्या खोल खाली उतरली होती आणि बुडालेले पळसनाथाचे देऊळ उघडे पडले होते. तेलाची चिंता दिल्लीची, तहान सोलापूरची! पुढल्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीना नदीने माढा-मोहोळची शेते मातीसकट खरवडून नेली. मग मदतीची घोषणा झाली. मदत हवीच, पण उतारावर गवत राखण्याची घोषणा कोणी केली?

संकटातून चांगले काही निघतच नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात महामंदी आणि मातीची वादळे एकदमच आली. धुळीचे लोट वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले, तेव्हा १९३५ साली तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला. बेकार तरुणांना झाडे लावण्याचे आणि माती अडविण्याचे काम मिळाले, शेतकऱ्यांना पैसा मिळाला, आणि वादळ शमल्यावरही ते खाते चालू राहिले. आमची रोजगार हमी त्याच जातीची. धडा सरळ आहे: ज्या धोरणाचा भार सुस्थितांवर आणि हक्क गरिबाकडे, ते संकट ओसरल्यावरही जगते, ज्याचा भार गरिबावर आणि मान वरच्यांना, ते पहिल्या निवडणुकीत मरते.

म्हणून आमचे मागणे भरल्या विहिरीच्या दिवसांतले आहे. माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला आणि धनगराला दरसाल रोख मोबदला द्या. पक्षी त्याच्या बांधावर वाढला तर त्याच्या घरात दोन पैसे जास्त येऊ द्या, मग त्याचा राखणदार तोच होईल. रोजगार हमीच्या कामांत गवताला मान द्या. उजनीच्या पाण्याची वाटणी धरण भरलेले असताना ठरवा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढा, आणि २००५ च्या कायद्यातील ते कलम पाऊस चांगला झालेल्या वर्षी अमलात आणून दाखवा. ज्वारी विकत घेण्याची खात्री द्या, मग ऊस सोडा म्हणून सांगा.

आणि वाचकहो, हे सरकारनेच करावे असे म्हणून हात झटकू नका. मत मागायला उमेदवार दारात येईल, तो कदाचित चांगल्या पावसाचा महिना असेल. तेव्हा त्याला रस्ता विचारालच. उजनीत उरलेले पाणी आणि माळावर उरलेले गवतही विचारा. उन्हाळ्यात विचाराल तर तो टँकर देईल. सुकाळात विचाराल, तरच त्याला उत्तर द्यावे लागेल.