अस्सल कोणते? जॅझ, नाट्यपदे आणि खानदेशचा घरोट

#धागा #इतिहास #खानदेश

१/ इतिहासाच्या अभ्यासकावर 'अस्सल' आणि 'नक्कल' या दोन शब्दांचा मोठा धाक असतो. अस्सल पत्र हाती असेल तर नकलेकडे वळू नये, समकालीन साधन असेल तर उत्तरकालीन बखरीवर विसंबू नये, हे पहिले धडे. ते योग्यच आहेत. मात्र हीच कसोटी जशीच्या तशी गाण्याला लावली, की इतिहासाचा मोठा भाग हातातून निसटतो. त्यात जळगाव-धुळ्याचा वाटा सर्वांत आधी निसटतो.

२/ सुरुवात दूरच्या उदाहरणाने. अमेरिकेत 'स्टँडर्ड' म्हणून ओळखली जाणारी बहुतेक गाणी जॅझसाठी जन्मलीच नव्हती. ती ब्रॉडवेच्या संगीतिकांची किंवा चित्रपटांची गाणी होती. नाटक पडले, पडद्याआड गेले, विसरले गेले; गाणे मात्र वादकांनी उचलले. जेरोम कर्न यांचे 'ऑल द थिंग्ज यू आर' १९३९ मधील ज्या संगीतिकेत होते, ती फारशी चालली नाही. गाणे आजही जॅझ शिकणाऱ्याच्या पहिल्या पाठांत असते.

३/ 'बॉडी अँड सोल' हे १९३० चे गाणे. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाने न्यूयॉर्कमध्ये ते ध्वनिमुद्रित केले. मूळ चाल त्याने आरंभी जेमतेम सुचवली आणि उरलेली तबकडी त्या गाण्याच्या स्वरसंगतीवर उभारलेल्या नव्या विस्ताराला दिली. रूढ अर्थाने ही 'नक्कल'. तरीही त्या गाण्याचा इतिहास सांगताना हीच तबकडी टाळता येत नाही.

४/ १९५९ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतील 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे बाळबोध वळणाचे गीत. पुढच्याच वर्षी जॉन कोलट्रेनने ते ध्वनिमुद्रित केले. तेरा मिनिटांहून लांब, मोजक्या स्वरांभोवती पुन्हा पुन्हा फिरणारे. ऐकताना रागविस्ताराची आठवण व्हावी असे. कोलट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती. त्याने आपल्या मुलाचे नाव रविशंकर यांच्यावरून 'रवी' ठेवले.

५/ आता मराठी रंगभूमीकडे यावे. नाटकासाठी रचलेले पद, नाटक मागे पडले तरी मैफलीत टिकणारे, प्रत्येक गायकाने आपल्या घराण्याच्या चष्म्यातून पुन्हा पाहिलेले: ही व्यवस्था महाराष्ट्रात जॅझची वाट न पाहता उभी राहिली होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, १८८२ मध्ये 'सौभद्र'. त्यांच्या पदांत कीर्तनातल्या साकी-दिंडी होत्या, लावणीचे वळण होते, कानडी पदांच्या चाली होत्या.

६/ म्हणजे ज्यांना आज 'मूळ' म्हटले जाते, ती पदेही कशाची तरी दुसरी आवृत्तीच होती. आणि नाटककारांनी हे लपवले नाही. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके उघडावीत. पदाच्या डोक्यावर राग व ताल असतो आणि अनेकदा 'चाल' या शब्दापुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द छापलेले असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या एका ओळीवर थांबावे. कर्ज घेतल्याची ती उघड नोंद आहे.

७/ अमेरिकेत उलट घडले. वादकाच्या विस्ताराला हक्काचा पैसा मिळत नसे. तो मूळ गीतकार-संगीतकाराचा. म्हणून अनेकांनी जुन्या गाण्याची स्वरसंगती ठेवून वर नवी चाल बसवली आणि नवे नाव दिले. चार्ली पार्करचे १९४५ चे 'को-को' उभे आहे ते 'चेरोकी'च्या पायावर. तिथे ऋण झाकणे सोयीचे होते. इथे ते पदाच्या माथ्यावर छापले जाई.

८/ या कथेत जळगाव येते ते बालगंधर्वांमुळे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) बालपणी काही काळ जळगावात होते आणि तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे आरंभीचे धडे घेतले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले, पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. शहराने त्यांचे नाव खुल्या नाट्यगृहाला दिले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही जळगावात भरतो. मेहबूबखाँ मात्र चरित्रांतील एका वाक्यापुरते उरले.

९/ १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग दिला. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत उतरवल्या. त्यावर बालगंधर्वांचा गळा, तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी. प्रेक्षक 'वन्स मोअर' मागत आणि तेच पद पुन्हा गायले जाई, पण तसेच्या तसे नव्हे. दुसऱ्या खेपेची जागा वेगळी, तिसऱ्या खेपेची आणखी वेगळी.

१०/ मग त्या रात्रीचे 'अस्सल' पद कोणते? पहिले की तिसरे? ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर लांबत जाणारे पद त्या मापात कापून बसवावे लागे. आज 'मूळ ध्वनिमुद्रण' म्हणून जे डोक्यावर घेतले जाते, ते एका यंत्राच्या मर्यादेने ठरवलेले रूप आहे. ते मोलाचे आहे, पण पदाचे ते एकमेव रूप कधीच नव्हते.

११/ म्हणूनच कुमार गंधर्वांच्या कार्यक्रमाचे नाव लक्षात ठेवावे: 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्वांची हुबेहूब प्रतिकृती उभी करण्याचा दावा त्यात नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव आहे आणि घेणाऱ्याची समजूतही मान्य केलेली आहे. इतिहासलेखनात टीकाकार किंवा भाष्यकार याहून वेगळे काय करतो? या गायनाला 'बिघडवलेले नाट्यसंगीत' म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे दुःख समजते. त्यांचा निवाडा पटत नाही.

१२/ धुळे जिल्ह्याचा धागा तापीकाठच्या थाळनेरहून निघतो. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी थाळनेरची, शेठ हरिदास लाड यांच्या घरची. लता मंगेशकरांनी आजीकडून गुजराती गरब्याची गाणी ऐकली ती याच आजोळची. दीनानाथांनी 'बलवंत संगीत मंडळी'च्या रंगमंचावर नाट्यपदाला बालगंधर्वांपेक्षा वेगळाच आक्रमक, चमकता बाज दिला. त्यांची पदे पुढे आशा भोसले यांनी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली.

१३/ सुमन कल्याणपूर यांचा स्वर १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात बहिणाबाई चौधरींच्या कवितेला लाभला. संगीत वसंत पवारांचे. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. १८८० चा जन्म, १९५१ मध्ये निधन. अक्षरओळख नव्हती. गाणी घरोटावर, शेतात, चुलीपुढे सुचली. पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर टिकली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. पुढे यशवंत देवांच्या चालींत ती उत्तरा केळकरांनी गायली.

१४/ इथे 'अस्सल'चा आग्रह धरणाऱ्यांची खरी अडचण होते. पुस्तकात शब्द आले. घरोटाची घरघर, हाताच्या फेऱ्यासोबत लांबणारा स्वर, मध्येच दाणे घालताना पडणारा खंड आला नाही. छापील संहिता हीदेखील एक आवृत्तीच. चित्रपटातील गाणे दुसरी, भावगीताच्या ढंगाचे गाणे तिसरी. असोद्याच्या ओसरीवर जे घडत होते, ते यांपैकी कोणातही पूर्ण नाही आणि प्रत्येकात थोडे आहे.

१५/ पत्र एकदा लिहिले जाते. त्याची नक्कल म्हणजे घट. गाणे ज्या ज्या वेळी गायले जाते त्या त्या वेळी घडते. त्यामुळे प्रत्येक ध्वनिमुद्रण हे आपल्या काळाचे समकालीन, अस्सल साधन असते. 'मानिनी'तील बहिणाबाई १९१० सालचे असोदे सांगत नाहीत. १९६१ च्या शहरी मराठी श्रोत्याला खेडे कसे ऐकायचे होते, ते अचूक सांगतात. प्रश्न बदलला की तेच साधन बोलू लागते.

१६/ मग पुन्हा गाताना सारेच क्षम्य का? नाही. दोन गोष्टींचा जाब विचारलाच पाहिजे. पहिली भाषेची. बहिणाबाईंची बोली सर्रास 'अहिराणी' म्हणून सांगितली जाते. ती पूर्व खानदेशातील लेवा गणबोलीच्या कुळातली आहे. अहिराणीचे स्वतःचे वेगळे आणि समृद्ध घर आहे. गाताना उच्चार पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीकडे ओढले, की चाल सुरेख राहते आणि गाव पुसले जाते. संगीतातला बदल स्वीकारता येतो. हा बदल निष्काळजीपणाचा आहे.

१७/ दुसरी गोष्ट नावाची. आज खानदेशी गाण्यांच्या चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. कानबाईच्या, गुलाबाईच्या गाण्यांना ढोल, बँजो, संगणकावरचे ठेके मिळाले आहेत. त्यात वाईट काही नाही. किर्लोस्करांनी याहून वेगळे केले नव्हते. खटकतो तो 'पारंपरिक' हा शब्द. तो अनेकदा गाणे कोणाकडून घेतले हा प्रश्न मिटवण्यासाठी वापरला जातो. 'परंपरा' म्हणून ज्या बाईला बेनाम केले, तिला नाव होते, गाव होते.

१८/ धुळे हे तर साधने जपणाऱ्यांचे गाव. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापणाऱ्या वि. का. राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच पडला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथेच उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखिते जपली गेली. कागदाबाबत या जिल्ह्याने जी निष्ठा दाखवली, ती आवाजाला अजून मिळायची आहे.

१९/ ते अशक्य नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह. मोठ्या संस्थेची वाट न पाहता हीच शिस्त एका भ्रमणध्वनीवरही पाळता येते. पिठाच्या गिरण्या आल्या त्याला कैक दशके लोटली. घरोटावर प्रत्यक्ष गायलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.

२०/ म्हणून या धाग्याचा आग्रह एवढाच. 'मूळ गाणे श्रेष्ठ की नवे' हा वाद बाजूला ठेवावा. कोणतेही गाणे पुढे पाठवताना, साठवताना किंवा त्यावर लिहिताना चार गोष्टी नोंदवाव्यात: कोणी गायले, कोणाकडून घेतले, कुठे, केव्हा. जुन्या नाटकांच्या पुस्तकांतली 'चाल' ही ओळ नेमके हेच काम करत होती. जळगावच्या मेहबूबखाँच्या बाबतीत ती नोंद कोणी ठेवली नाही. यंदाच्या श्रावणात कानबाई बसेल तेव्हा गाणाऱ्या आजींच्या बाबतीत ती ठेवता येईल.