आधी सीटी, मग नळी

जिना चढताना छातीत दडपण येते आणि थांबले की ओसरते, अशा रुग्णाला अनेकदा थेट अँजिओग्राफीचा सल्ला मिळतो. मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नळी घालण्याची ही तपासणी निर्णायक असली, तरी प्रत्येकाला तिची गरज नसते. अमेरिकेतल्या सुमारे चार लाख रुग्णांच्या नोंदी २०१० मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा अशा पूर्वनियोजित अँजिओग्राफीत लक्षणीय ब्लॉकेज जेमतेम ३८ टक्के जणांनाच आढळले. म्हणून तब्येत स्थिर असेल, तर पहिला मान सीटी अँजिओग्राफीला द्यावा. तिच्यात हाताच्या शिरेतून डाय देतात, ठोके साठच्या आसपास आणायला गोळी देतात आणि काही सेकंद श्वास रोखायला सांगतात. युरोपातल्या साडेतीन हजार रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिस्चार्ज चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही मार्गांत ठळक फरक दिसला नाही. तपासणीशी निगडित गंभीर गुंतागुंत मात्र नळीच्या गटात १.९ टक्के, तर सीटीच्या गटात ०.५ टक्के होती.

‘ब्लॉकेज दिसले तर नळी घालावीच लागणार, मग दुहेरी खर्च कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागत नाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट चाचणीत नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड दिल्यावर पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले होते. फरक पडला तो बहुधा धमनीतला थर वेळीच दिसल्याने सुरू झालेल्या स्टॅटिन आणि ॲस्पिरिनमुळे.

सीटीलाही मर्यादा आहेत. त्यात किरणोत्सर्ग आहे, क्रिएटिनिन वाढलेल्यांना डाय जपून द्यावा लागतो आणि धमन्यांत कॅल्शियम फार साचले असेल तर चित्र धूसर येते. झटका आलेल्याला तर विनाविलंब कॅथलॅबमध्येच न्यायला हवे. पण या मर्यादांवरून रुग्ण नीट निवडावा एवढेच ठरते, सीटी टाळावी असे नाही. त्याच न्यायाने, कसलाही त्रास नसलेल्यांना ‘हार्ट पॅकेज’च्या नावाखाली ही तपासणी सरसकट विकणेही चूक आहे. लक्षणे असलेल्याला मात्र अँजिओग्राफीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ‘आधी सीटी चालेल का?’ असे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे कारणासह उत्तर देणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.