चाक निघालं, स्प्रिंग नाही

अमेरिकेतल्या शेवरले सी-१० पिकअपला पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आल्या त्या १९६३मध्ये. इतक्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग भरकटू लागलं, की बॉल जॉइंट आणि बुश बदलणं आलंच. गंजलेले नट घाम काढतात, ते असो. खरी धास्ती स्प्रिंगची. चाक काढल्यावरही ती खालच्या आर्मवर दाबलेलीच असते; निसटली तर जीव घेईल. म्हणून चेसिस भक्कम स्टँडवर टेका, आर्मखाली जॅक लावा, स्प्रिंगमधून साखळी ओवून बांधा. बॉल जॉइंट ठोकून सैल करताना नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या. जॅकने भार पेलला की मगच तो काढा, आणि जॅक अगदी सावकाश उतरवा. मदतीला आलेल्या मुलांना नट-बोल्ट पुसायला बसवा, पण लांब. नंतर गाडी आधी व्हील अलाइनमेंटला न्या, फेरफटका त्यानंतर.