परगृही राहणारे विद्यार्थी आणि मंडळाचे कर्तव्य

ऑगस्टचा उत्तरार्ध सुरू झाला म्हणजे इंग्लंडातील आपल्यासारख्या मराठी मंडळांच्या कार्यवाहांना पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा गावांहून अपरिचित पालकांचे दूरध्वनी येऊ लागतात, आणि त्या सर्वांची मागणी थोड्याफार फरकाने एकच असते : मुलीचा किंवा मुलाचा प्रवेश निश्चित झाला आहे, व्हिसा हाती आला आहे, विमानाचे तिकीटही काढून झाले आहे, आता राहण्याची सोय एखाद्या मराठी घरी झाली तर आमच्या जिवाला स्वस्थता लाभेल. कार्यवाह हा निरोप मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, कोणी सहृदय सभासद आपल्याकडे वरची खोली रिकामी असल्याचे कळवितो, उभयतांचे क्रमांक परस्परांना दिले जातात, आणि मंडळापुरता विषय तेथेच संपतो. ही पद्धत सद्भावनेने चालते यात शंका नाही, आणि तिच्यामुळे कित्येक विद्यार्थ्यांचे पहिले कठीण महिने सुसह्य झाले हेही खरे. तथापि वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना परक्या देशात परक्या कुटुंबाच्या छपराखाली ठेवण्याचे काम निव्वळ ओळखीवर आणि भाषाबंधुत्वावर सोपवून मंडळाने मोकळे होणे मला उचित वाटत नाही. घरांची रीतसर नोंद, त्यांची तपासणी, लेखी करारनामा आणि तक्रार ऐकण्याची स्वतंत्र तजवीज, या चार गोष्टी मंडळाने अंगावर घेतल्या पाहिजेत, हे माझे मत मी सभासदांपुढे सविस्तर मांडू इच्छितो.

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, किंवा मिळूनही तेथील भाडे झेपत नाही, अशा विद्यार्थ्यापुढे उरणारे मार्ग फारसे सुखावह नसतात. खाजगी घरमालक याच देशात राहणारा जामीनदार मागत आले आहेत, आणि तो नसेल तर सहा सहा महिन्यांचे भाडे आगाऊ. कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या घराला ही रक्कम जमविणे किती जड जाते हे सांगावयास नको. त्यातून मग फसव्या जाहिरातींचे फावते. कोणत्या तरी सुंदर घराची छायाचित्रे दाखवावयाची, मागणी फार आहे असे सांगून घर पाहण्यापूर्वीच अनामत रक्कम परस्पर बँकेत भरावयास लावावयाची, आणि विद्यार्थी सामानासह त्या पत्त्यावर पोहोचला म्हणजे तेथे भाड्याने देण्याजोगी खोलीच नसावी, हा प्रकार भारतातून जागा शोधणाऱ्या मुलांच्या बाबतीत वारंवार घडतो. ज्यांची अशी फसवणूक होत नाही त्यांतील काहीजण एकेका खोलीत तिघे-चौघे अशा दाटीत दिवस काढतात. वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे राहत असलेल्या घरास नगरपालिकेचा परवाना लागतो हा इंग्लंडचा कायदा आहे; परंतु परवाना नसलेल्या घरात राहणाऱ्या मुलाला तो कायदा माहीत नसतो, आणि माहीत झाला तरी राहते छप्पर जाईल या भीतीने तो तोंड उघडत नाही.

या सर्वांपेक्षा मराठी कुटुंबात राहणे सुरक्षित, अशी पालकांची समजूत असते व बहुतांशी ती योग्यही असते. परंतु ज्या एका गोष्टीचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला आहे ती अशी की, यजमानाच्या घरातच राहून त्याचे स्वयंपाकघर व न्हाणीघर वापरणाऱ्या भाडेकरूला या देशाच्या कायद्याने दिलेले संरक्षण स्वतंत्र घर भाड्याने घेणाराच्या मानाने अगदीच तुटपुंजे आहे. स्वतंत्र घर घेणाराची अनामत रक्कम २००७ सालापासून मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. घरमालकासोबत राहणाराच्या रकमेला हा नियम लागू नाही. स्वतंत्र भाडेकरूस घराबाहेर काढावयाचे तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. यजमानाच्या घरातील विद्यार्थ्यास वाजवी मुदतीची सूचना दिली की पुरते, आणि वाजवी म्हणजे किती हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर ऐन परीक्षेच्या आठवड्यातही त्याला दुसरे बिऱ्हाड शोधण्याची पाळी येऊ शकते. म्हणजे विद्यार्थ्यास मायेची ऊब जेथे अधिक मिळण्याचा संभव, तेथेच त्याच्या हाती कायद्याचे साधन सर्वांत कमी असते. ही उणीव भरून काढण्याचा उपाय लेखी करारनामा हाच आहे, आणि तो करून घेण्यास भाग पाडील अशी संस्था आपल्या मंडळावाचून दुसरी कोणती आहे?

आपल्या इतिहासात परगृही राहून विद्या संपादन केलेल्यांची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल या गावी श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी त्या राहिल्या. हे घर त्यांना अवचित लाभले नव्हते. जोशी दांपत्याविषयी एका मिशनरी नियतकालिकात आलेला मजकूर वाचून कार्पेंटरबाईंनी १८८० च्या सुमारास आपण होऊन पत्र लिहिले, आणि पुढे प्रत्यक्ष भेटीपूर्वी कित्येक महिने उभयतांचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाईंचे आचारविचार, आहार, धर्मनिष्ठा, प्रकृती यांची पुरती कल्पना असलेल्या घरात त्यांनी पाऊल टाकले, आणि त्यांच्यावर धर्मांतराचे दडपण न आणणारी यजमानीण त्यांना मिळाली. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यास त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या पकिप्सी येथील दफनभूमीत विसावल्या. परक्या घराशी इतके जिव्हाळ्याचे नाते जडले त्याच्या मुळाशी आधी झालेला तो दीर्घ व मोकळा परिचय होता. आपण मात्र व्हॉट्सॲपवरील दोन ओळींच्या भरवशावर मुलीला कोणाच्या तरी दारी नेऊन सोडतो.

याच्या उलट दुसरी आठवण आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. अमेरिका व इंग्लंड येथे शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी पथिकाश्रमात ते राहिले, आणि जात उघडकीस येताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांना पुढे १९२१ च्या सुमारास लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात जागा मिळाली. ज्या घराला आज आपण स्मारक म्हणून भेट देतो, ते एका काळी परगावच्या विद्यार्थ्याचे साधे बिऱ्हाड होते. ही हकीकत मी अशासाठी सांगतो की, आजही आपल्या मंडळीत खोली देण्यापूर्वी आडनाव विचारण्याची आणि त्यावरून अंदाज बांधण्याची सवय पूर्णपणे गेलेली नाही. घरात सामिष अन्न शिजते की नाही, शिजलेले चालते की नाही, हे विचारणे रास्त आहे, कारण एकाच स्वयंपाकघरात वावरावयाचे असते. परंतु जातीची चौकशी, मग ती कितीही आडवळणाने केलेली असो, मंडळाच्या नोंदवहीत नाव असलेल्या घराने करू नये, आणि केल्याचे सिद्ध झाल्यास त्या घराचे नाव वहीतून कमी करावे, असा नियम आरंभीच लिहून ठेवला पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. पुण्यात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा त्याचा आठवडा निघे. त्या अन्नावर पिढ्या शिकल्या, आणि ते वाढणाऱ्या हातांविषयी कृतज्ञता बाळगणे आपणास शोभतेच. पण ज्या घरी वार असे तेथील पाणी भरणे, बाजार करणे, लहान मुलांना खेळविणे ही कामे त्या विद्यार्थ्याकडे आपोआप येत, आणि नाही म्हणण्याचा अधिकार त्याला नसे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे बोर्डिंग काढले, त्यामुळे पुष्कळ मुलांची या मिंधेपणातून सुटका झाली. तोच मिंधेपणा इंग्लंडातील मराठी घरात नव्या रूपाने परत येऊ शकतो. 'आमच्याकडे मोफत राहा' असे म्हणणाऱ्या यजमानाच्या मनात काही वावगे नसते. पण महिन्याभरात संध्याकाळी मुलाला सांभाळणे, शनिवारी भांडी व केरवारा, पाहुणे आले की पोळ्या, अशी कामे मुलीच्या अंगावर पडू लागतात, आणि फुकट राहतो ही जाणीव तिची जीभ बांधून टाकते. म्हणून माझा आग्रह आहे की मंडळाच्या व्यवस्थेत विनामूल्य निवास नसावा. माफक का होईना, ठरलेले भाडे असावे, त्याची दरमहा पावती असावी, आणि घरकामाचा भाड्याशी कोणताही सांधा नसावा. ज्यांना मदत करावयाची असेल त्यांनी मंडळाच्या विद्यार्थी निधीस देणगी द्यावी, व निधीने गरजू विद्यार्थ्याचे भाडे भरावे. यजमानांचेही यात नुकसान नाही : स्वतःच्या राहत्या घरातील खोलीच्या भाड्यापोटी वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचे उत्पन्न येथे करमुक्त आहे, आणि एकट्या राहणाऱ्या गृहस्थास कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सूट पूर्णवेळ विद्यार्थी ठेवल्याने जात नाही.

तपासणी म्हटली की काही सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील हे मी जाणतो. परंतु ती अपमानास्पद असण्याचे कारण नाही. दोन सभासदांनी, त्यांतील एक स्त्री असावी, आधी वेळ ठरवून घरी जावे. खोलीला खिडकी आहे का, दाराला आतून कडी आहे का, धुराची सूचना देणारे यंत्र चालते का, कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र आहे का, हे पाहावे. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बिघडलेल्या बॉयलरमुळे तो झोपेतच माणसाचा प्राण घेतो. म्हणून खोली भाड्याने देणाराने गॅसच्या उपकरणांची दरवर्षी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून दाखला ठेवावा असा कायदाच आहे, आणि आपल्यापैकी किती घरांत तो दाखला आहे हे ज्याने त्याने पाहावे. घरातील प्रौढ व्यक्तींनी आपल्या चारित्र्याचा सरकारी दाखला, ज्याला येथे डीबीएस म्हणतात, स्वतः अर्ज करून आणावा. सोळा वर्षांखालील मूल नातेवाइकांवाचून इतरांकडे २८ दिवस किंवा अधिक राहणार असेल तर स्थानिक नगरपालिकेस कळविणे बंधनकारक आहे. अशी जबाबदारी पेलण्याचे सामर्थ्य तूर्त आपल्या मंडळात नाही, म्हणून अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी ही व्यवस्था आपण खुली करूच नये.

करारनाम्याचा मसुदा एका पानाचा पुरे : भाडे किती, त्यात काय समाविष्ट, अनामत रक्कम किती व ती परत केव्हा, उभय पक्षांनी द्यावयाच्या सूचनेची मुदत किमान चार आठवडे, आणि परीक्षेच्या काळात निष्कासन नाही. अनामत रक्कम यजमानाकडे न देता मंडळाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी. आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती यजमानाच्या मित्रमंडळातील नसावी. आपल्या लहानशा समाजात सर्वांचे सर्वांशी जेवणाखाणाचे संबंध आहेत. घरातील वडीलधाऱ्याच्या वागण्याने अस्वस्थ झालेली मुलगी त्याच्याच पत्त्यांच्या अड्ड्यातील पदाधिकाऱ्याकडे मन मोकळे करील ही अपेक्षा व्यर्थ आहे. शेजारच्या शहरातील मंडळाशी बोलून परस्परांच्या तक्रारी परस्परांनी ऐकण्याची योजना करता येईल; पहिल्या महिन्यात दर आठवड्याला विद्यार्थ्यास घराबाहेर भेटून विचारपूस करण्याचे कामही त्यांच्याकडे सोपवावे. गुन्ह्याचा प्रकार असेल तर मात्र मंडळाने मध्यस्थी न करता विद्यार्थ्यास पोलिसांकडे जाण्यास सर्वतोपरी साहाय्य करावे. अशा प्रसंगी घराण्याच्या अब्रूचा विचार पुढे आणणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय ठरेल.

यजमानांचीही बाजू आहे, आणि ती उपेक्षणीय नाही. भाडे थकविणारे, न सांगता मित्र मुक्कामी आणणारे विद्यार्थी असतात. विद्यार्थ्याचा या देशात राहण्याचा अधिकार इंग्लंडात यजमानाने कागदपत्रे पाहून तपासावा लागतो. गृहकर्ज देणारी संस्था व विमा कंपनी यांस भाडेकरू ठेवल्याचे कळवावे लागते. दोहोंपेक्षा अधिक भाडेकरू ठेवले तर घराचा कायदेशीर दर्जाच बदलतो. हे सर्व सभासदांस समजावून सांगणारी एक सभा दरवर्षी जूनमध्ये घेतली तर पुष्कळ घरे निर्धास्तपणे पुढे येतील.

काही ज्येष्ठ सभासद म्हणतात की मंडळाने यात हात घातला आणि एखादे अनिष्ट घडले तर दोष मंडळावर येईल. गणेशोत्सव, दिवाळी, नाटक एवढेच आपले क्षेत्र असावे. या भीतीचा मी अनादर करीत नाही, आणि कायदेतज्ज्ञाचा सल्ला व योग्य तो विमा घेतल्याखेरीज हे काम सुरू करू नये असेही म्हणतो. परंतु मंडळाच्याच गटावर, मंडळाच्याच कार्यवाहांमार्फत आजही घरे दिली जात आहेत. नैतिक दायित्व आपल्यावर आधीच आलेले आहे, त्याची दफ्तरी नोंद तेवढी नाही. कागद केला नाही म्हणून जबाबदारी टळते, ही समजूत पालकांपुढे उच्चारण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणाला होईल असे मला वाटत नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी या आशयाचा ठराव ठेवीत आहे. तत्पूर्वी ज्यांच्या घरी खोली आहे त्यांनी गॅसचा दाखला तपासून आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत, ज्यांचा गृहनिर्माण वा कायदा या विषयांशी व्यवसायाने संबंध आहे त्यांनी करारनाम्याच्या मसुद्यासाठी थोडा वेळ काढावा, आणि जे येथे विद्यार्थी म्हणून आले व कोणाच्या तरी घरी राहिले त्यांनी आपले बरेवाईट अनुभव मंडळाला मोकळेपणाने लिहून कळवावेत, अशी माझी सर्वांना विनंती आहे.