पाहुणा गडी आणि आपला संघ

गेल्या हिंवाळ्यांत आमचे विद्यार्थी कबड्डीच्या एका सामन्यांत हरून परत आले. हारजीत ही खेळांतली नित्याची गोष्ट. तिचें दुःख दोन दिवसांत ओसरावयास हवें होतें. पण तें ओसरेना. चौकशी करतां कळलें कीं, प्रतिपक्षाच्या संघांतील तीन गड्यांचीं नांवें त्या शाळेच्या पटावर सामन्यापूर्वीं थोडेच दिवस चढलीं होतीं, आणि त्यांस तेथील वर्गांत बसलेलें कोणींही पाहिलें नव्हतें. मुलांचा राग आम्हांस समजला. परंतु त्यांच्यापैकीं एकानें जो उपाय सुचविला, तो ऐकून आम्ही सचिंत झालों. तो म्हणाला, "सर, पुढच्या सालीं आपणही बाहेरून तीन गडी आणूं." त्यावर दुसरा लगेच म्हणाला, "आणायचे कशाला? आपला चढाई करणारा मुख्य गडी तरी कोठें दर्यापूरचा आहे? तो तर मेळघाटचा!"

या दोन उद्गारांत एक जुना व बिकट प्रश्न दडलेला आहे. संघ हा अमुक गांवाचा, शाळेचा किंवा प्रांताचा म्हणावयाचा तो कशावरून? गड्यांच्या जन्मगांवावरून, कीं त्यांच्या अंगावरील गणवेशावरून? बाहेरच्यांच्या साहाय्यानें जिंकलेला करंडक आपला म्हणून मिरवावा कीं नाहीं? कित्येक पालकांस हा पोरकटपणा वाटेल. पण आपलें कोण व परकें कोण, याचा पहिला धडा मुलें बहुधा पटांगणावरच शिकतात, आणि तो जन्मभर पुरतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

फुटबॉलची जन्मभूमि जें इंग्लंड, तेथें हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९३१ सालीं तेथील फुटबॉल असोसिएशननें असा नियम केला कीं, परदेशी मनुष्यानें दोन वर्षें त्या देशांत वास्तव्य केल्यावांचून त्यास धंदेवाईक खेळाडू म्हणून खेळतां येऊं नये. जवळजवळ अर्धशतक हें दार लोटलेलें राहिलें. १९७८ सालीं तें उघडतांच आर्जेंटिनाचे आर्डिलेस व व्हिया हे दोघे लंडनच्या टॉटनहॅम संघांत दाखल झाले. आणि १९८१ सालीं एफ. ए. करंडकाचा अंतिम सामना बरोबरींत सुटून पुन्हां खेळविला गेला, तेव्हां व्हियाच्याच गोलनें टॉटनहॅमला विजय मिळाला. पुढें १९९५ सालीं युरोपीय न्यायालयानें बॉस्मन नांवाच्या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यांत असा निकाल दिला कीं, युरोपीय संघराष्ट्रांतील खेळाडूंस एकमेकांच्या देशांत संख्येच्या मर्यादेनें अडवितां येणार नाहीं. मग लोंढाच सुरू झाला. २६ डिसेंबर १९९९ रोजीं लंडनचा चेल्सी संघ मैदानावर उतरला, तेव्हां त्याच्या पहिल्या अकरांत एकही ब्रिटिश गडी नव्हता!

यावर इंग्लंडांत मोठी हळहळ झाली. परक्यांनीं जागा अडविल्या, आतां राष्ट्राचा संघ दुबळा होणार, असें पुष्कळ जण म्हणूं लागले. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. अकरा जागांपैकीं एक पाहुण्यास दिली म्हणजे घरचा एक मुलगा बाहेर बसतो, हें गणित कोणासही खोटें ठरवितां येणार नाहीं. परंतु इतिहास आणखीही कांहीं सांगतो. इंग्लंडनें विश्वचषक जिंकला तो १९६६ सालीं, दार बंद असतांना, हें खरें. पण दार तसेंच बंद असतांना १९७४ व १९७८ या दोन्ही विश्वचषकांच्या मुख्य स्पर्धेस तो देश पात्रसुद्धां ठरला नाहीं. उलट, परदेशी गड्यांनीं गजबजलेल्या मैदानांवर वाढलेल्या मुलांनीं २०२१ व २०२४ सालीं इंग्लंडला युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें. दोन्ही वेळां हार झाली, ही गोष्ट निराळी. तात्पर्य, नुसतें दार लावल्यानें घर सुधारत नाहीं आणि नुसतें उघडल्यानें तें बिघडत नाहीं.

तेथील स्पर्धाचालकांनीं अखेर मधला मार्ग काढला. २०१० पासून प्रत्येक संघाच्या पंचवीस गड्यांच्या यादींत बाहेर तयार झालेले सतरांहून अधिक नसावेत, असा नियम झाला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा नियम गड्याचा जन्म कोठला, हें विचारीत नाहीं. एकविसाव्या वर्षाच्या आंत तीन हंगाम ज्यानें तेथील संघांत काढले, तो कोणत्याही देशाचा असो, घरचाच मानला जातो. मनुष्य कोठें जन्मला यापेक्षां तो कोठें घडला, हें महत्त्वाचें, असा याचा अर्थ आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या वऱ्हाडाचा ज्यांत अंतर्भाव होतो, तो विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकाच्या स्पर्धेंत खेळत आहे. साठ वर्षें त्यास करंडकाचें दर्शन झालें नाहीं. १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून त्यानें तो प्रथम जिंकला. त्या संघाचे मार्गदर्शक चंद्रकांत पंडित मुंबईचे, ज्येष्ठ फलंदाज वसीम जाफर मुंबईचे, गणेश सतीश कर्नाटकाचे. तेव्हां 'हा विजय विदर्भाचा कीं पाहुण्यांचा?' असा टोमणा कोणीं मारला असता तर नवल नव्हतें. परंतु त्या सामन्याचा धावफलक नीट वाचावा. लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेऊन दिल्लीची फळी मोडणारा रजनीश गुरबानी, १३३ धावा करून आपलें पहिलें शतक साजरें करणारा अक्षय वाडकर, आणि कर्णधार फैज फझल, हे तिघेही विदर्भाच्याच क्रिकेटमध्यें वाढलेले होते. पुढच्याच सालीं नागपुरास सौराष्ट्राचा पराभव करून विदर्भानें करंडक राखला. त्या सामन्यांत अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे हाही विदर्भाचाच.

याहूनही बोधप्रद प्रसंग २०२५ सालचा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस नागपुरास केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला आणि अवघ्या २४ धावांत विदर्भाचे तीन गडी बाद झाले. त्या वेळीं दोघे जण उभे राहिले. एक, एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. त्याचा तो पहिलाच हंगाम होता. दुसरा, कर्नाटकाहून आलेला करुण नायर. त्यानें २०१६ सालीं इंग्लंडविरुद्ध कसोटी सामन्यांत नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. दोघांनीं मिळून २१५ धावांची भर घातली. पाहुणा ८६ धावांवर धावबाद झाला. घरचा मुलगा १५३ पर्यंत गेला. दुसऱ्या डावांत पाहुण्यानें १३५ धावा केल्या. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला, आणि तो उचलणारा कर्णधार कोण? जाफरच्या शेजारीं खेळून मोठा झालेला तोच अक्षय वाडकर! जाफर २०२० सालींच निवृत्त झाले होते. पाहुणा गेला, पण मागें कांहीं ठेवून गेला.

त्याच सामन्याची दुसरी बाजू आतां पाहा. केरळच्या वतीनें ७९ धावा करून विदर्भास सतावणारा गडी होता आदित्य सरवटे, सहा वर्षांपूर्वीं विदर्भास करंडक मिळवून देणारा! म्हणजे मल्याळी कुळांतला नायर विदर्भासाठीं केरळविरुद्ध झुंजला, आणि नागपूरचा सरवटे केरळसाठीं विदर्भाविरुद्ध. दोघांपैकीं एकानेंही कसूर केली नाहीं, आणि दोघांपैकीं एकासही कोणी द्रोही म्हटलें नाहीं. पुढें नायर कर्नाटकांत परतला. आणि आमच्या अमरावतीस जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा २०२५ सालीं बडोद्याच्या संघांत गेला. आमचा मुलगा परप्रांतीं गेला म्हणजे अभिमान, आणि परप्रांतीचा आमच्याकडे आला म्हणजे संशय, हें माप खोटें आहे. ज्या वाटेनें आमचीं मुलें बाहेर जातात, तीच वाट दुसऱ्यांसही आंत आणणार.

या वाटेवर आमच्या भागांतून सर्वांआधीं गेलेला थोर पुरुष म्हणजे कर्नल सी. के. नायडू. ते नागपूरचे, १९३२ सालीं लॉर्ड्‌सवर झालेल्या भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे ते कर्णधार. पण त्यांचें नांव निगडित झालें तें इंदूरच्या होळकरांच्या संघाशीं. राजाश्रयामुळें त्या संघांत ठिकठिकाणचे गुणी खेळाडू एकत्र आले आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळांत त्यानें चार वेळां रणजी करंडक जिंकला. पुढें संस्थान गेलें, संघही गेला. आणि त्या प्रदेशास पुन्हां रणजी करंडक मिळाला तो मध्यप्रदेशच्या संघाच्या हातीं, २०२१-२२ सालीं. याचें कारण एकच नसेल. तथापि गुणी माणसें जमविणें हें एक काम आणि गुणी माणसें निपजविणें हें दुसरें, एवढें तरी यावरून स्पष्ट होतें.

जन्मावरून संघ करण्याचा प्रयोगही आपल्या देशानें पाहिला आहे. मुंबईस १९४६ पर्यंत हिंदु, मुसलमान, पारशी असे धर्मवार संघ क्रिकेट खेळत असत. गांधीजींनीं १९४० सालीं त्यावर आपली नापसंती उघड सांगितली होती. सांगलीस जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती म्हणून 'इतर' नांवाच्या संघांत बसविले गेले. १९४३-४४ सालीं त्या संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! तेच हजारे पुढें भारताचे कर्णधार झाले. ज्यास जन्मावरून 'इतर' म्हटलें, तोच साऱ्या राष्ट्राचा पुढारी ठरला. यापरतें त्या विभागणीचें खंडन कोणतें हवें?

मग पाहुण्याची परीक्षा करावी तरी कशी? आमच्या जिल्ह्यांतील मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बागा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें चटकन उमगेल. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ जंबेरीचें, डोळा दुसऱ्या झाडाचा. डोळ्यानें जीव धरला म्हणजे झाड एक होतें, आणि त्याच्या फळास कोणी परकें म्हणत नाहीं. परंतु जंबेरी लावलीच नाहीं, तिला पाणी घातलेंच नाहीं, तर उत्तमांतला उत्तम डोळा आणूनही तो बांधणार कशावर? पाहुण्यासंबंधीं तीनच प्रश्न विचारावे. तो उघडपणें व नियमानें आला काय? तो असतांना घरच्या मुलांचा खेळ वाढला काय? आणि तो गेल्यावर मागें कांहीं उरलें काय?

रणजी स्पर्धेंत एका संघास तीन पाहुणे घेतां येतात, पण त्यांच्या मूळ संघटनेच्या ना-हरकत पत्रानें, सर्वांच्या देखत. आमच्या विद्यार्थ्यांनीं ज्या तीन गड्यांची तक्रार केली, ते पटावरच्या खोट्या नोंदीनें आले, सामना खेळले, आणि त्यांच्यापासून कोणीं कांहीं शिकण्यापूर्वींच निघून गेले. त्या शाळेचीं तीन मुलें बाहेर बसलीं. आणि त्या आलेल्या तिघांचें तरी काय हित झालें? त्यांच्या पायांतला जोर घेतला. त्यांस बांक, पुस्तक, शिक्षक यांपैकीं कांहींच दिलें नाहीं. आमच्या मतें सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच झाला.

आणि आमचा मेळघाटचा गडी? तो चार वर्षें आमच्या वसतिगृहांत राहतो, आमच्या मुलांच्या पंक्तीस जेवतो, त्यांच्याबरोबर गणितांत नापास होतो आणि त्यांच्याबरोबर पुन्हां पास होतो. पहांटे उठून खालच्या इयत्तांतील मुलांस दम टिकविण्याचा सराव तो करून घेतो. त्यास बाहेरचा म्हणणाऱ्या मुलास आम्ही एवढेंच विचारतों: या पटांगणाच्या मातींत तुझा घाम अधिक सांडला, कीं त्याचा? चार दिवसांच्या पाहुण्यांशीं त्याची तुलना करणें ही मोठीच चूक आहे.

तेव्हां पुढच्या सालीं आपणही तीन गडी बाहेरून आणूं, या सूचनेस आमचें उत्तर स्पष्ट आहे. खोट्या पटावर एकही नको. मग हरावें लागलें तरी चालेल. पण सरळ मार्गानें नांव घालून, वर्गांत बसून, आपल्यांत मिसळून राहणारा मुलगा कोठूनही येवो, त्यास संघांत जागा मिळण्यास त्याचा खेळ पुरे. त्याच्यामुळें ज्याची जागा जाईल, त्यानें रुसूं नये. मालेवारप्रमाणें पाहुण्याशेजारीं उभें राहून त्याच्या पुढें जाण्याची ईर्ष्या धरावी.

पालकांसही एक विनंति आहे. आमचे मुलगे संघांत कां नाहींत, असें आपण आम्हांस विचारतां. पण सायंकाळीं पटांगण कित्येकदां अर्धें रिकामें असतें. मुलगा शिकवणीस तरी गेलेला असतो, नाहीं तर घरांत मोबाइल घेऊन बसलेला असतो. मूळ वाळलें असतां डोळ्यास दोष देऊं नये. दिवसाचा एक तास मुलास आम्हांकडे द्या. मग पाहुणे येवोत वा न येवोत, संघ आपलाच राहील.